वेटिंग

नाशिकरोडला पहाटेच्या गाडीने आलेल्या दोघी रिक्षात बसल्या,
थोरलीच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेला गडू.
असा गडू कुणी मागच्या कप्प्यात ठेवत नाही,
अशा सवारीशी मी भावही करत नाही.
'रामकुंड,' धाकटी म्हणाली. मी मान हलवली.
द्वारकेच्या खड्ड्यांतून रिक्षा इतकी हळू नेली
की मागचा टेम्पोवाला आईवरून शिवी देऊन गेला.

घाटावर गुरुजींनी विचारलं, गाव?
'वरोरा.'
आडनाव?
'देवतळे.'
मुलगा कुठाय?
'आम्हीच आहोत जी,' थोरली म्हणाली
आणि निऱ्या खोचून पाण्यात उतरली.

मी दुतोंड्या मारुतीकडे बघत उभा राहिलो.
पावसाळ्यात याच्या छातीपर्यंत पाणी चढतं तेव्हा
सगळं गाव पुलावर येऊन माप घेतं.
हा माघ होता. पायाशी शेवाळ सुकलेलं,
आणि एक पोरगा चुंबक बांधलेल्या दोरीने
तळातली नाणी शोधत होता.

परत आल्या. मांडी मोकळी.
थोरलीला हात कुठे ठेवावेत कळेना;
पदराशी, दांडीशी, पुन्हा पदराशी.
रविवार कारंजाच्या सिग्नलला धाकटी एकदम बोलली,
'भाऊ, इथं मिसळ कुठं चांगली मिळते?'
आणि जीभ चावली.
थोरलीने असं पाहिलं की आरसाच तडकायचा.

मी म्हटलं, ताई, बावीस वर्षं झाली या धंद्यात.
सगळे विचारतात.
कुणी तासाभराने,
कुणी परतीच्या गाडीला अर्धा तास उरला की.
यात पाप असतं
तर पंचवटीतली निम्मी हॉटेलं बंद पडली असती.

काळ्या रश्श्याची घेतली. पापड, दही, मटकी वेगळी.
थोरली नुसती ताटाकडे बघत राहिली,
मग चमचाभर चाखून म्हणाली,
'बाबांनी याला तर्री म्हटलंच नसतं.'
दुसरी वाटी रस्सा तिनेच मागितला.
नाक पुसलं, डोळे पुसले.
कशाने काय आलं, ते विचारणं माझं काम नव्हतं.

'गाडी रात्रीची आहे. आता आलोच आहोत तर...'
हे 'आलोच आहोत तर' माझं खरं गिऱ्हाईक.
सीतागुंफेत वाकताना थोरलीचा गुडघा वाजला, दोघी हसल्या.
पांडवलेण्याच्या पायऱ्या अर्ध्यावर सोडल्या,
तिथूनच शहर बघून घेतलं.
गंगापूर रोडला मळ्याच्या कडेला दोन किलो द्राक्षं,
निम्मी रिक्षातच संपली, देठं माझ्या मॅटवर.
बायको म्हणते, तुम्ही रोज फुकटात नाशिक बघता.
मी आरशात बघतो. उलटं दिसतं,
आणि आधी मागच्या सीटवरचं तोंड.

भांडी बाजारात दुकानदाराने हाक मारली,
'या ताई, तांब्याचा गडू दाखवू?'
'नको!' दोघी एकदम.
तो बिचारा फडकं हातात धरून तसाच.
शेवटी एक पितळी झारा घेतला. कशाला, कुणास ठाऊक.
घासाघीस मात्र वीस मिनिटं, मन लावून.
मग चिवडा: शेजाऱ्यांना, बँकेतल्या लोकांना,
आत्याला, जावेला.
मोजताना एक पाकीट जास्त निघालं.
सवयीने घेतलेलं.
परत नाही केलं.

स्टेशनवर विचारलं, वेटिंगचे किती झाले?
मी फक्त जाण्यायेण्याचे घेतले,
पोरगी घरी म्हणेल, पप्पा, असं चालत नाही.
पिशव्या डब्यापर्यंत नेल्या.
झारा धाकटीच्या बॅगेतून डोकं काढून बसलेला.
चिवड्याची पिशवी वर टाकू का, मी म्हटलं, जागा आहे.
'राहू द्या जी,' थोरली म्हणाली.
मांडीवर घेतली,
दोन्ही हातांनी धरली,
सकाळसारखी.